रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरण्याविषयी

प्रश्न (सातारा): माझ्याकडे वडिलांच्या नावावरून रीतसर हस्तांतरित झालेले परवान्याचे .३२ रिव्हॉल्व्हर आहे. अमेरिकेत हौशी नेमबाज .४४ मॅग्नमची वेगवान काडतुसे घरीच भरतात, असे वाचले. जपून ठेवलेल्या पुंगळ्या (उडवलेल्या काडतुसांची रिकामी कवचे) मला तशा भरता येतील का?

उत्तर १ (सांगली): कृपया तसे करू नका. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा तयार करण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याचा परवाना त्यासाठी पुरत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान सात वर्षांची आहे.

उत्तर २ (कराड): कायद्याइतकाच गोळी उडताना काडतुसात निर्माण होणाऱ्या दाबाचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. अमेरिकी नेमबाज व लेखक एल्मर कीथ यांनी .४४ स्पेशल या जुन्या काडतुसावर वर्षानुवर्षे केलेल्या प्रयोगांतून १९५५ मध्ये .४४ मॅग्नम आले, परंतु त्याच्यासाठी रिव्हॉल्व्हरही तितकेच भक्कम घडवावे लागले. .४४ मॅग्नमचा कमाल दाब चौरस इंचाला ३६,००० पौंड धरतात, तर .३२ रिव्हॉल्व्हरमधल्या .३२ लाँग काडतुसाचा केवळ १५,०००. म्हणून वेगाच्या मोहाने जास्त दारू भरली, तर आधी फुटते ते सिलिंडर (काडतुसे बसवायचा फिरता भाग), आणि ते हाताच्या अगदी जवळ असते. एकदा वापरलेली पुंगळी उजेडात फिरवून पाहा, तोंडाशी केसाएवढी चीर बहुधा नखालाच आधी जाणवते.

प्रश्नकर्ता: आत्ताच तपासल्या. दोन पुंगळ्यांना तशी चीर आहे. भरण्याचा विचार सोडला. नवी काडतुसे परवानाधारक विक्रेत्याकडूनच घेईन.