मित्रपक्ष, घटक पक्ष की सहयोगी पक्ष? सरकारातल्या धाकट्या पक्षाला काय म्हणावं?

प्रश्न

गोव्यातल्या २०१७ ते २०२२ या काळातल्या सरकारांवर लेख लिहीत आहे. मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) आणि गोवा फॉरवर्ड या पक्षांचा उल्लेख करताना बातम्यांमध्ये कधी 'मित्रपक्ष' दिसतो, कधी 'घटक पक्ष', कधी 'सहयोगी पक्ष'. तिन्ही एकच का? आणि पक्ष लहान आहे, म्हणून त्याला धोका जास्त आहे, हे सांगणारा रुळलेला शब्द आहे का? 'कनिष्ठ भागीदार' लिहून पाहिलं, पण तसं कुणी बोलताना ऐकलेलं नाही.

उत्तर

तिन्हींत फरक आहे, आणि तो पाळला तर वाचकाला फायदा होतो.

'मित्रपक्ष' म्हणजे ज्याच्याशी समझोता आहे तो. तो सरकारात असेलच असं नाही. निवडणुकीपुरताही मित्रपक्ष असतो. 'घटक पक्ष' म्हणायला आधी आघाडीला नाव लागतं. रालोआचे (भाजपप्रणीत राष्ट्रीय लोकशाही आघाडीचे) घटक पक्ष, महाविकास आघाडीचे घटक पक्ष. महाराष्ट्रात २०१४च्या महायुतीपासून या शब्दाला एक खास छटा आली: 'घटक पक्षांना किती जागा सोडणार?' असं विचारलं की शिवसेना-भाजप कुणाच्या मनात नसायचे. रिपाइं (आठवले गट), राष्ट्रीय समाज पक्ष, राजू शेट्टींची स्वाभिमानी शेतकरी संघटना, शिवसंग्राम हेच मनात असायचे. म्हणजे तुम्ही शोधताय तो लहानपणाचा अर्थ इथे न सांगता येतो. 'सहयोगी' जास्त औपचारिक. अपक्ष आमदार एखाद्या पक्षाचा 'सहयोगी सदस्य' होतो, तिथे तो नेमका बसतो.

मगो आणि गोवा फॉरवर्ड २०१७ला भाजपसोबत लढले नव्हते, निकालानंतर सोबत आले. म्हणून 'सत्तेतले सहयोगी पक्ष' लिहावं. मित्रपक्ष लिहिलंत तर निवडणूकपूर्व युती होती असा समज होईल.

दुसरं उत्तर

वरच्या उत्तराशी सहमत, पण बोलीतला सगळ्यात वापरातला शब्द राहिला: धाकटा भाऊ. शिवसेना-भाजप युतीत 'मोठा भाऊ कोण' हा वाद वर्षानुवर्षं चालला. ते आकडे समोर ठेवले की हा शब्द किती अस्थिर आहे ते दिसतं. १९९०मध्ये सेना ५२, भाजप ४२. १९९५ला ७३ आणि ६५. मनोहर जोशी मुख्यमंत्री, गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री. २००९ला सेना ४४, भाजप ४६. २०१४ला दोघे वेगळे लढले आणि सेना ६३, भाजप १२२. थोरलेपण आणि धाकटेपण अशी अदलाबदल झाली.

गोव्यात हीच गोष्ट आधी घडून गेली होती, आणि मगोबद्दल लिहिताना ती सोडू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. मगो म्हणजे १९६३ ते १९७९ गोव्यावर राज्य केलेला पक्ष. दयानंद बांदोडकर, मग शशिकला काकोडकर. १९९४ला भाजपशी युती झाली तेव्हा मगोचे १२ आमदार आले आणि भाजपचे ४. म्हणजे भाजप विधानसभेत पहिल्यांदा शिरला तो मगोचा धाकटा भाऊ म्हणून. १९९९ला मगो ४, भाजप १०. २०१२ला पुन्हा युती झाली तेव्हा मगो ३ आणि भाजप २१. दोन्ही पक्षांचा मतदार साधारण एकाच वळणाचा, बहुजन समाजातला. युतीत जी जागा आपण लढवत नाही तिथे आपलं चिन्ह मतपत्रिकेवर नसतं, आणि दोन-तीन निवडणुकांत तिथला कार्यकर्ता थोरल्या पक्षाच्या बूथवर बसायला लागतो. सरकार पडण्याच्या धोक्याबद्दल सगळे बोलतात. मला हा धोका जास्त मोठा वाटतो, कारण तो जागावाटपाच्या बैठकीतच सुरू होतो.

यातूनच आणखी एक शब्दप्रयोग आला: 'कमळावर लढणे'. महाराष्ट्रात २०१९ला महायुतीच्या लहान पक्षांचे बहुतेक उमेदवार कमळावर लढले. दौंडचे राहुल कुल २०१४ला राष्ट्रीय समाज पक्षाचे एकमेव आमदार होते. २०१९ला ते कमळावर निवडून आले. कागदोपत्री तो आमदार भाजपचा, पक्षादेशही भाजपचाच पाळायचा. अशा वेळी 'घटक पक्षाचा आमदार' लिहिणं चूक आहे.

प्रश्नकर्त्याची पुरवणी

फार उपयोगी. २०१९च्या मार्चमध्ये जे झालं त्याला काय म्हणावं? मगो 'फुटला', की मगोचं 'विलीनीकरण' झालं?

दुसऱ्या उत्तराचं पुढे

इथे मात्र शब्द काटेकोर हवा, कारण तो कायद्याचा आहे.

१७ मार्च २०१९ला मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर गेले. १९च्या पहाटे नवे मुख्यमंत्री म्हणून प्रमोद सावंतांचा शपथविधी झाला. मगोचे सुदिन ढवळीकर आणि गोवा फॉरवर्डचे विजय सरदेसाई असे दोन उपमुख्यमंत्री. म्हणजे धाकट्यांचं वजन वाढल्यासारखं दिसत होतं. २७ मार्चला मगोच्या तीनपैकी दोन आमदारांनी, बाबू आजगावकर आणि दीपक पाऊसकर यांनी, विधिमंडळ पक्ष भाजपमध्ये विलीन केल्याचं पत्र दिलं. त्याच दिवशी ढवळीकरांचं मंत्रिपद गेलं.

पूर्वी घटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, एक तृतीयांश आमदारांच्या 'फुटी'ला संरक्षण होतं. २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीने ते काढलं आणि दोन तृतीयांशांचं 'विलीनीकरण' तेवढं ठेवलं. पक्षांतर अवघड व्हावं हा हेतू. पण तीन आमदारांच्या पक्षात दोन तृतीयांश म्हणजे दोन माणसं! मोठ्या पक्षाला जी अट किल्ल्यासारखी, ती लहान पक्षाला दोन माणसांत ओलांडता येते. म्हणून 'फुटला' हे बोलण्यापुरतं ठीक. लेखात 'दोन आमदारांनी विलीनीकरण केलं, पक्ष संघटना म्हणून राहिला' असं लिहा. मगो राहिलाच, २०२२ला त्याचे दोन आमदार आले आणि ढवळीकर पुन्हा मंत्री झाले.

याच घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्याही बांधली. ४० आमदारांच्या गोव्यात जास्तीत जास्त १२. जुलै २०१९मध्ये काँग्रेसचे दहा आमदार भाजपमध्ये आले, भाजप २७वर गेला. नव्यांना खुर्च्या द्यायच्या तर कुणाच्या तरी काढाव्या लागणार. गोवा फॉरवर्डचे तिन्ही मंत्री वगळले गेले. लेखात 'पाठिंबा काढला' आणि 'मंत्रिमंडळातून वगळले' यांची गल्लत करू नका. सरदेसाईंनी आधी पाठिंबा काढला नव्हता; त्याची गरजच उरली नव्हती.

तिसरं उत्तर

एक भर. लहान पक्षाचं एकच मंत्रिपद असलं की मंत्री आणि पक्ष वेगळे होण्याचा धोका असतो. सदाभाऊ खोत स्वाभिमानीकडून २०१६ला राज्यमंत्री झाले. शेतकऱ्यांच्या प्रश्नावर संघटना सरकारविरुद्ध रस्त्यावर, आणि तिचाच माणूस कृषी खात्यात. २०१७च्या ऑगस्टमध्ये खोतांची हकालपट्टी झाली आणि राजू शेट्टी रालोआतून बाहेर पडले. खोत मंत्री राहिले.

आणि कुणी 'मग बाहेरून पाठिंबा द्यावा' म्हणेल, तर 'बाहेरून'वर विसंबू नये. २००४ला माकपचे ४३ खासदार होते, काँग्रेसप्रणीत संपुआ सरकारला बाहेरून पाठिंबा दिला, २००८ला अमेरिकेशी झालेल्या अणुकरारावरून काढला, आणि २००९ला १६ उरले. बंगालमधला नंदीग्राम-सिंगूरचा रोष त्यात मोठा होता हे खरं. पण सरकारच्या चांगल्या कामाचं श्रेय काँग्रेसकडे गेलं. रोजगार हमीचा कायदा डाव्यांच्या आग्रहाने झाला हे किती मतदारांना आठवलं?

प्रश्नकर्ता

'सत्तेतले सहयोगी पक्ष' घेतो. १९९४चे आकडे पहिल्या परिच्छेदात नेले आहेत.