मदत हवी आहे: खाजनाच्या बांधाबद्दल ग्रामसभेत नेमका काय ठराव मांडावा?

नमस्कार मंडळी,

गांधी जयंतीच्या सुमारास आमच्याकडे ग्रामसभा आहे. विषयपत्रिकेत ‘हवामान बदल आणि आपला गाव’ असा एक विषय आहे. गेल्या खेपेला याच विषयावर रस्त्याकडेला रोपं लागली, फोटो निघाले आणि गणपतीपर्यंत गुरांनी सगळी फस्त केली. या वेळी मला बांधाचा ठराव मांडायचा आहे, पण मसुदा कसा करायचा ते कळत नाही.

गाव गोव्यात, शापोरा नदीच्या काठी. नाव मुद्दाम लिहीत नाही. मी पणजीला नोकरी करतो, शनिवार-रविवार घरी. शेत वडील बघतात.

घाटावरच्या मंडळींसाठी थोडं सांगतो. खाजन म्हणजे नदीच्या भरतीच्या पाण्याला बांध घालून पूर्वजांनी मिळवलेली सखल जमीन. गोव्यात अशी सुमारे १८,००० हेक्टर आहे. बांधात मानस असते, म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरती चढली की बाहेरचं पाणी झडपेला दाबून ती आपोआप बंद करतं. ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर निघून जातं. ना मोटर, ना माणूस. जूनच्या पावसाने मातीतलं मीठ धुऊन गेलं की आम्ही कोरगुट पेरतो, खाऱ्या मातीतही तग धरणारं भात. वडील अजून चिमूटभर चिखल जिभेवर ठेवून बघतात आणि ‘अजून खारट आहे, थांब’ म्हणतात. मीटर वगैरे काही नाही.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात बांधाचे चिरे एका ठिकाणी सरकले. ज्या बांधावरून पूर्वी दोन माणसं बोलत जायची, तिथे आता एकामागे एक पाऊल टाकावं लागतं. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला पाणी थेट वरून येतं. गेल्या वर्षी कणसं दिसायला झकास होती, हातावर चोळली तर निम्मी फोल. शेजारच्या तिघांनी शेत पडीक टाकलं. त्यात आता खारफुटी उगवली आहे, गुडघाभर.

पंचायत म्हणते, बांध आमचा नाही, कुळांच्या संघाचा. संघाची शेवटची बैठक कधी झाली ते कोणालाच आठवत नाही. शेती खात्यात विचारलं तर म्हणे, संघाकडून प्रस्ताव आणा. मी आपला या दारातून त्या दारात.

तर ठरावात काय लिहू? पंचायत यावर खर्च करू शकते का? खारफुटीचं काय करायचं? आणि मानशीच्या मासेमारीची दरवर्षी पावणी, म्हणजे लिलाव होतो, ते पैसे बांधावर लागायला हवेत ना?

चिरेबंदी
तुमचं दुखणं अर्ध्या गोव्याचं आहे. आधी संघ जिवंत करा. हे संघ कूळ कायद्याखालच्या १९७५ च्या नियमांप्रमाणे बनलेले आहेत आणि त्यांच्यावर देखरेख मामलेदाराची. समितीची मुदत संपली असेल तर कुळांच्या सह्या घेऊन नव्या निवडणुकीसाठी मामलेदारांकडे अर्ज द्या. ग्रामसभेचा ठराव त्या अर्जाला जोडायचा, म्हणजे त्याला वजन येतं.

पंचायत ‘आमचा नाही’ म्हणते ते मालकीपुरतं ठीक. पण लघुपाटबंधारे, जलव्यवस्थापन, मृद्संधारण हे विषय राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवण्याजोगे म्हणून दिलेलेच आहेत. बांधाचं काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालायला लावा. आराखड्यात नसलेल्या कामाला पुढे कोणी विचारत नाही. दुरुस्तीचं तांत्रिक काम शेती खात्याच्या मृद्संधारण विभागाचं, हेही ठरावात येऊ द्या.

भरतीओहोटी
थोडं कडू बोलतो, रागावू नका. समुद्र वर चढतोय यात शंका नाही. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात उत्तर हिंदी महासागरासाठी १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला सरासरी ३.३ मिलिमीटर दिलंय. वीस वर्षांत साडेसहा सेंटीमीटर, म्हणजे आडवी धरलेली चार बोटं. जुना बांध काठोकाठ हिशोबाने घातलेला असेल तर चार बोटं पुष्कळ झाली. पण आमच्याकडे आजकाल फुटका नळसुद्धा हवामान बदलाच्या नावावर खपवतात. तुम्ही आधी मानस बघा. झडप नीट मिटते का? बिजागरं शाबूत आहेत का? सर्वपित्री अमावास्येला उधाण मोठं असतं, मुरगाव बंदराच्या तक्त्यात वेळ बघून रात्री जा.

आणि मानशीजवळ एक खांब रोवून त्यावर रंगाने सेंटीमीटरच्या खुणा करा. दर अमावास्या-पौर्णिमेला फोटो. ‘पाणी फार येतं’ हे कोणी ऐकत नाही. ‘या तारखेला बांधाच्या माथ्यावरून ११ सेंटीमीटर’ असं लिहिलं की अभियंता चष्मा लावतो.

सोलकढी_तिसवाडी
खारफुटीबद्दल: स्वतःच्या मनाने कोयता लावू नका. किनारी क्षेत्राच्या नियमांत ती संरक्षित आहे, परवानगीशिवाय तोडलीत तर उलट तुम्हीच अडकाल. बांधाच्या बाहेरच्या अंगाची असू दे, लाटांचा मार तीच खाते. आतली वाढू द्यायची नसेल तर शेत पडीक ठेवायचं नाही, हाच उपाय. आमच्याकडे चुलत्यांनी ‘एक वर्ष राहू दे’ म्हणत म्हणत शेत सोडलं, आता तिथे बगळे राहतात.

२०११ च्या किनारी क्षेत्र अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळा भाग आहे. खाजनांचे नकाशे करावेत, व्यवस्थापन आराखडा करावा, असं त्यात आहे. ठरावात त्याचा उल्लेख करा. गावच्या जैवविविधता समितीलाही गाठा. लोकजैवविविधता नोंदवहीत तुमचं कोरगुट आणि मानस नोंदलेली आहे का ते विचारा.

मूळ धागाकर्ता
सर्वांचे आभार. भरतीओहोटी, तुम्हाला खास.

काल रात्री वडिलांना घेऊन मानशीवर गेलो. झडप मिटलेलीच नव्हती. खाली लाकडाचा ठोकळा सारलेला, वर नायलॉनची दोरी बांधलेली, आणि खारं पाणी खळखळत आत. पुढे जाळं. वडील काही बोलले नाहीत, बॅटरी माझ्या हातात देऊन वाकले आणि ठोकळा काढायला लागले. तेवढ्यात पावणी घेतलेला आला. आमच्याच वाड्यावरचा, माझ्याबरोबर शाळेत होता. म्हणाला, ‘अरे, पावणीची बोली दरवर्षी वर जाते, तेवढी सुंगटं (कोळंबी) कुठून काढू? पैसे तुमच्या संघानेच घेतले ना?’ याला काय उत्तर देणार? पैसे घेतलेत खरे. गेले कुठे, ते मलाही ठाऊक नाही.

वरून येणारं पाणी आहेच, ते डोळ्यांनी पाहिलं. पण खालून येणारं जास्त होतं. आता ठरावात त्याचं नाव घालू का?

चिरेबंदी
नाव अजिबात नको. ग्रामसभेत दोन वाड्यांची भांडणं होतील आणि बांध राहील बाजूला. संघाला शिफारस करा की पावणीच्या करारात अट हवी: पेरणीपासून कापणीपर्यंत झडपेला हात लावायचा नाही, लावला तर अनामत जप्त. पावणीच्या रकमेचा काही हिस्सा बांधाच्या वेगळ्या खात्यात. मागच्या वर्षांचा हिशोब माहिती अधिकारात मामलेदार कार्यालयाकडे मागा, संघाने तिथे काय सादर केलंय ते तरी कळेल.

सोलकढी_तिसवाडी
आणि त्या मित्रालाही सह्यांत घ्या. कोरगुट त्याच्याही घरी खातात.

मूळ धागाकर्ता
घेतली. आधी नाही म्हणाला, मग वडिलांनी चहाला बोलावलं तेव्हा केली. एकूण १९ सह्या झाल्या. मसुदा पंचायतीत दिला. तिथे सांगितलं की ‘बांध फुटला’ हे बदलून ‘बांध अंशतः कमकुवत झाल्याचे निदर्शनास आले’ असं करा, नाहीतर वर प्रश्न विचारतात. बदलू का?

भरतीओहोटी
प्रश्न विचारावेत म्हणूनच तर लिहिताय. शब्द ठेवा, खांबाचा फोटो जोडा आणि पोच घ्या, शिक्क्यासकट.