घरात सुगंधासाठी सुके मसाले, पानं वापरता का कोणी?

खिडकीवेडी
स्प्रे आणि प्लगमध्ये खोचायचं ते यंत्र, दोन्ही बंद केलंय. मला शिंका सुटतात, नवऱ्याचं डोकं चढतं. म्हणून दालचिनी आणि लवंगेची पूड वाटीत घालून हॉलमध्ये ठेवली. पहिल्या दिवशी मस्त, तिसऱ्या दिवशी नुसती तपकिरी धूळ. मग पाण्यात उकळायला ठेवली आणि फोनवर बोलत बसले. पातेलं करपलं. दोन दिवस घराला वास होता खरा, पण भलताच!
काय घ्यावं, किती घ्यावं, वास टिकवायचा कसा? कपड्यांच्या कपाटालाही कुबट वास येतोय, तिथे काय ठेवू? घरात मांजर आहे.

जुनी_बरणी
पूड नको. वास म्हणजे मसाल्यातलं उडून जाणारं तेल. पूड केली की ते चहूकडून मोकळं होतं आणि दोन दिवसांत संपतं. अख्खे मसाले घ्या आणि खलबत्त्यात जेमतेम ठेचा. वास मंदावला की पुन्हा एक ठोसा द्या, आतली ताजी बाजू उघडी पडते.
माझं माप: दालचिनीचे ४-५ तुकडे, चमचाभर लवंगा, २ चक्रीफुलं, एक फोडलेलं जायफळ, मूठभर सुकी संत्र्याची साल. आणि वाळा किंवा नागरमोथा हवाच. संत्र्याचा वास हलका, तो सगळ्यात आधी पळतो. वाळ्याचा जड, तो मागे रेंगाळतो. अत्तरातसुद्धा वाळा इतर वास धरून ठेवायला वापरतात. सगळं घट्ट झाकणाच्या बरणीत २-३ आठवडे मुरू द्या, अधूनमधून हलवा. घाई केलीत तर प्रत्येक मसाला वेगवेगळा ओरडतो.

तर्ककर्कश
आधी कपाटाचं बोलू. कुबट वास म्हणजे ओल, बहुतेक बुरशी. त्यावर मसाल्याची पुरचुंडी म्हणजे न धुतलेल्या सदऱ्यावर अत्तर. कपाट भिंतीला टेकलंय का?

खिडकीवेडी
टेकलंय. पलीकडे बाथरूम आहे. हे लिहिता लिहिताच कळलं मला.

तर्ककर्कश
चार बोटं पुढे ओढा, रिकामं करा, पुसून दारं उघडी ठेवून वाळवा. पुरचुंड्यांचं नंतर बघू.

मनीची_माय
मांजर आहे म्हणून लिहितेय. काही घातक द्रव्यं आपलं यकृत मोडून निरुपद्रवी करतं, तसं मांजराचं यकृत करू शकत नाही. लवंगेतलं युजेनॉल त्यातलंच, संत्र्याच्या सालीचं तेलही त्यांना बाधतं. उघडी वाटी नकोच. जाळीच्या झाकणाची बरणी, तीही मांजर पोचणार नाही अशा जागी. (अशी जागा सापडली तर मलाही कळवा.) वास वाढवायला वरून इसेन्शियल ऑइल टाका असं कोणीतरी सांगेलच, ते अजिबात करू नका. त्या थेंबात कितीतरी मसाल्याचा अर्क असतो. कापूरही नको. मांजर लाळ गाळायला लागलं किंवा झोकांड्या खायला लागलं तर थेट डॉक्टरांकडे न्या.

जुनी_बरणी
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आमच्याकडे मांजर नाही. मग साल आणि लवंग दोन्ही गाळा. वाळा जास्त घ्या.

आळशी_सुगरण
पातेलं मीही करपवलंय, दोनदा. आता गॅसवर ठेवतच नाही. जाड बुडाच्या भांड्यात उकळतं पाणी ओतते, त्यात दालचिनीचा तुकडा आणि दोन तमालपत्रं. थंड होईपर्यंत वास येत राहतो, नंतर तेच मसाले वाळवून आणखी एकदा चालतात. गॅसवरच करायचं असेल तर आच अगदी बारीक, अर्ध्या तासाचा गजर, आणि स्वयंपाकघरातून हलायचं नाही.
एक गंमत सांगते. थोड्या वेळाने वास "गेला" असं वाटतं, पण तो गेलेला नसतो, आपलं नाक सरावलेलं असतं. आणखी मसाला ओतायच्या आधी बाहेर एक चक्कर मारून या.

निमूट_वाचक
एरवी लिहीत नाही, पण पुरचुंडीत माझे हात पोळलेत. सहा महिन्यांनी उघडली तर आत बारीक तपकिरी किडे. आता मसाले आणि पानं हवाबंद पिशवीत ३-४ दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मगच बांधते. पान चुरताना कुरकुर वाजलं पाहिजे, मऊ लागलं तर बुरशी धरणार. फिक्या कपड्यांना पुरचुंडी टेकवू नका, डाग पडतो. लव्हेंडरने कसर लागत नाही म्हणतात, पण अळ्या आधीच असतील तर त्या काही मरत नाहीत.

खिडकीवेडी
कपाट ओढलं. मागची फळी हिरवी! प्लंबर गुरुवारी येतोय.
बरणी भरली: वाळा, दालचिनी, चक्रीफूल. साल नाही, लवंग नाही. मांजराने येऊन बरणी हुंगली, शिंकलं, आणि उघड्या कपाटात जाऊन झोपलं.