प्रौढ, परिपक्व, पोक्त की आणखी काही?

शाईचा_डाग: आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) तरुणांसाठी आत्मिक वाढीवरची एक इंग्रजी पुस्तिका मराठीत आणतेय आणि 'मॅच्युरिटी'पाशी अडलेय. मी सगळीकडे 'आत्मिक परिपक्वता' लिहिलं होतं. पाळकांनी मुद्रितं तपासताना दर ठिकाणी खोडून 'प्रौढता' केलं, कारण शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, 'प्रौढ' आहे. आहे खरं. इब्री पत्रात ५:१४ मध्ये (अध्याय ५, वचन १४) जड अन्न प्रौढांसाठी म्हटलंय. पण हे वचन तरुणांच्या सभेत वाचलं की मागच्या रांगेत खसखस पिकते. त्यांच्या लेखी 'प्रौढांसाठी' म्हणजे सिनेमाचं प्रमाणपत्र. काय करू?

उंबरठा: परिपक्वताच ठेवा. प्रौढ म्हटलं की मला साक्षरता वर्ग दिसतो. त्यातून 'प्रौढी मिरवणे' आहेच. १ करिंथ १३ मध्ये प्रीती फुगत नाही असं वाचायचं आणि पुढच्याच पानावर 'प्रौढ व्हा'?

धातुपाठी: प्रौढीचं खापर प्रौढावर कशाला? प्र + ऊढ, 'वह्' धातू. पुढे वाहून आणलेला तो प्रौढ. परिपक्व 'पच्'मधला, म्हणजे शिजलेला किंवा पिकलेला. आणि पिकल्यानंतर काय होतं ते सांगायला नको.

मधली_ओळ: 'पोक्त' का नको? पोक्त माणूस, पोक्त विचार. वयाचा आणि समजेचा, दोन्ही अर्थ येतात.

निखळ: फारसी आहे. धर्मग्रंथाच्या भाषेत तरी आपले शब्द वापरा.

धातुपाठी: फारसीत 'पुख्तन' म्हणजे शिजवणे. पक्व आणि पोक्त चुलतभाऊ निघाले की हो. हाकलायचंच तर दोघांना हाकला!

तळटीप: मूळ ग्रीक शब्द 'तेलेइओस', 'तेलोस'वरून आलेला. तेलोस म्हणजे शेवट, गाठायचं ठिकाण. मत्तय ५:४८ मध्ये स्वर्गीय पित्यासारखे 'पूर्ण' व्हा, तिथे हाच शब्द आहे. येशूचं वधस्तंभावरचं 'पूर्ण झाले आहे' त्याच कुळातलं. खरी मेख फिलिप्पै ३ मध्ये. १२व्या वचनात ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो, मी अजून पूर्ण झालेलो नाही, आणि १५व्यात म्हणतो, आपण जे प्रौढ आहोत त्यांनी हीच वृत्ती ठेवावी. ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकाच कुळातले शब्द आहेत. म्हणजे आपण पोचलो नाही हे ज्याला कळलं, तोच पोचलेला! मराठीत एकीकडे पूर्ण, दुसरीकडे प्रौढ केल्यावर हा चिमटा गेला. माझ्या मते तो पौलाने जाणूनबुजून काढला होता.

साधकबाधक: मग 'सिद्ध' म्हणा. दासबोधाच्या पाचव्या दशकात बद्ध, मुमुक्षु, साधक, सिद्ध अशी चढण तयारच आहे.

तळटीप: तिथेच गोची आहे. सिद्धाला धावायचं उरत नाही. पौल तर पुढच्या वचनांत लक्ष्याकडे धावतोच आहे.

निखळ: पण ही 'आत्मिक' काय भानगड? मराठीत 'आध्यात्मिक' असा रुळलेला शब्द असताना?

उंबरठा: मंडळीत आम्ही आत्मिकच म्हणतो. अध्यात्मात आपला आत्मा येतो, इथे पवित्र आत्म्याचं काम अभिप्रेत आहे. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांतून केलेल्या बायबलमध्ये (१९२४) अशा जड, दुसऱ्या परंपरेचे रंग लागलेल्या शब्दांपासून अंतर राखायचा प्रयत्न केला, तो काय उगीच?

निखळ: त्यामुळेच ते मराठी परकं वाटतं.

उंबरठा: तुम्हाला वाटतं. जन्मापासून ऐकणाऱ्याला नाही.

मधली_ओळ: भांडा सावकाश. माझी आजी यातला एकही शब्द वापरायची नाही. एखाद्याबद्दल विचारलं तर म्हणायची, 'अजून दाणा भरायचाय.' वर्षानुवर्षं उपासनेला येऊन शेजाऱ्याशी अबोला धरणाऱ्यांबद्दल हे हमखास. मला ती शेतातली म्हण वाटायची. मग मार्क ४:२८ वाचलं: आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. येशूच्या त्या दाखल्यातला (बोधकथेतला) माणूस रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी कसं वाढतं ते त्यालाच कळत नाही.

साधकबाधक: सुंदर. पण पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर 'आत्मिक दाणाभरणी'? खत कंपनीची जाहिरात वाटेल.

शाईचा_डाग: 😄 'मुरलेला' पण सुचला होता. म्हटलं, राजकारणी आठवेल.

तळटीप: इब्रीचं ते वचन मात्र पूर्ण वाचून घ्या त्या मुलांकडून. प्रौढ कोण, तर बरंवाईट ओळखायचा ज्यांना सराव झालाय ते. वयाचा संबंध नाही. १ करिंथ १४:२० मध्ये तर पौल दोन्ही एकदम सांगतो: दुष्टपणात तान्ही बाळं राहा, समजुतीत प्रौढ व्हा.

शाईचा_डाग: सरावाचा मुद्दा घेते. शीर्षकाचं तेवढं बोला, छपाई परवा आहे. प्रौढता, प्रौढत्व की प्रौढपणा?

धातुपाठी: प्रौढत्व. 'ता' हल्ली कशालाही लावतात.

निखळ: प्रौढपणा. 'पण' आपला आहे.

धातुपाठी: तुमचा 'पण' संस्कृत 'त्वन'वरून आलाय, निखळराव.

निखळ: पुरावा?

धातुपाठी: प्राकृतात 'त्तण'. वेगळा धागा काढा, सविस्तर लिहितो.