बक कन्व्हर्टर लावल्यापासून रेडिओवर घरघर, डबीत घालूनही जात नाही

द्राक्षमळा :
मंडळी, मळ्यातल्या शेडवर सोलरवर चार्ज होणारी १२ व्होल्टची बॅटरी आहे. कॅमेऱ्याला आणि मोबाइलला ५ व्होल्ट मिळावेत म्हणून एलएम२५९६ चिपचं छोटं बक कन्व्हर्टर मॉड्यूल (व्होल्टेज उतरवणारं) लावलं. बॅटरीपासून मॉड्यूलपर्यंत दोन सुट्या तारा वाशांवरून चार-पाच मीटर आल्यात. मॉड्यूल चालू केलं की वडिलांच्या रेडिओवर आकाशवाणी सांगली, १२५१ किलोहर्ट्झ, घरघरीत बुडून जातं. मॉड्यूल तापलं की घरघरीतली शिट्टी हळूहळू सरकते. कॅमेऱ्याची वायर काढली तर त्रास कमी होतो, थांबत नाही. दुकानदाराने सांगितलं म्हणून पत्र्याच्या डबीत घालून पाहिलं, काडीचा फरक नाही. वडिलांचा अख्खा दिवस त्या रेडिओच्या सोबतीने जातो, त्यामुळे हे मला नीट सोडवायचंच आहे.

सोल्डरगन :
डबीने फरक पडला नाही, कारण मध्यम लहरींवरचा त्रास मुख्यतः तारांवरून बाहेर पडतो आणि तारा तर डबीबाहेरच आहेत. ही चिप १५० किलोहर्ट्झला स्विच होते असं म्हणतात, पण डेटाशीटच १२७ ते १७३ अशी सूट देते. तुमची १५६.४ च्या आसपास चालत असेल तर तिचा आठवा हार्मोनिक, म्हणजे आठपट वारंवारता, बरोबर १२५१ वर पडतो. चिप तापली की वारंवारता बदलते, शिट्टी त्यामुळे सरकते.

आता तारांकडे या. बक कन्व्हर्टरच्या आउटपुटला कॉइल असते, म्हणून तिकडचा करंट बऱ्यापैकी सपाट. इनपुटचा मात्र तुटक : स्विच चालू तेव्हा पूर्ण, बंद तेव्हा शून्य. ही तोड इनपुटच्या कपॅसिटरने जागच्या जागी भागवायची असते. स्वस्त मॉड्यूलवर तिथे एकच इलेक्ट्रोलायटिक असतो आणि त्याचा अंतर्गत रोध जास्त. मग उरलेला तुटक करंट वाशांवरून बॅटरीपर्यंत फिरून येतो. दोन तारा एकमेकींपासून लांब असल्या की ती चक्क लूप अँटेना झाली.

म्हणून आधी बिनपैशाचं काम करा, दोन्ही तारांना घट्ट पीळ घाला. मग मॉड्यूलच्या इनपुट पिनांना अगदी चिकटून १० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर डाग द्या. तो ५० व्होल्टचा, एक्स७आर (सिरॅमिकचा एक प्रकार) घ्या. सिरॅमिकवर व्होल्टेज चढलं की क्षमता घटते. त्यानंतर प्लसच्या तारेत १० मायक्रोहेन्रीचा, ३ अँपिअर पेलणारा चोक (कॉइल), आणि चोकच्या बॅटरीकडच्या बाजूला तसाच दुसरा सिरॅमिक. कटऑफ, म्हणजे जिच्या वरच्या वारंवारता फिल्टर दाबतो ती सीमा, येते १६ किलोहर्ट्झच्या जवळ. १५० वर कागदोपत्री ४० डीबीच्या आसपास दाब मिळतो, प्रत्यक्षात थोडा कमी.

मॉड्यूलवरचा जुना इलेक्ट्रोलायटिक काढू नका. त्याचा तोच रोध इथे फिल्टरचं डोलणं आवरतो. नुसते सिरॅमिक आणि चोक ठेवले तर बॅटरी जोडताना व्होल्टेज उसळी घेतं.

मिरज_हॅम :
वरचं सगळं पटलं. मी कॅमेऱ्याच्या वायरबद्दल सांगतो. ती काढल्यावर त्रास कमी होतो म्हणजे प्लस-मायनस दोन्ही तारांवरून एकाच दिशेने जाणारा कॉमन-मोड करंटही आहे. त्याला वरचा फिल्टर पुरत नाही. फेराइटची रिंग घ्या आणि दोन्ही तारा एकत्र धरून आठ-दहा वेढे मारा. दोन्ही एकत्रच हव्यात, म्हणजे डीसीची चुंबकीयता एकमेकींना खोडते आणि रिंग सॅच्युरेट होत नाही (चुंबकीयतेने भरून निकामी होत नाही). बाजारातला क्लिपवाला मणी एकदाच ओवून १ मेगाहर्ट्झपाशी काही हाती लागत नाही, इम्पीडन्स वेढ्यांच्या वर्गाने वाढतो. रिंग मँगनीज-झिंकची मागा, ३१ नंबरची मिळाली तर उत्तम.

वडिलांचाच रेडिओ शोधयंत्र म्हणून वापरा. स्टेशनच्या शेजारी रिकाम्या जागी लावा आणि तारांच्या बाजूने फिरवा, जिथे घरघर वाढेल ती वायर आधी धरा. पॅनल सोडवूनही एकदा ऐका. सोलर कंट्रोलरसुद्धा स्विचिंगचाच असतो, दिवसा तोही भर घालत असेल.

द्राक्षमळा :
पीळ, दोन सिरॅमिक, चोक, रिंग असं सगळं केलं. पिळाने ऐकू येण्याइतका फरक पडला, सिरॅमिकने त्याहून जास्त. आता १२५१ स्वच्छ लागतं. दोघांचेही मनापासून आभार! फक्त एफएम रेडिओ मॉड्यूलजवळ नेला की खरखर होते. तिथे अजून मोठा चोक लावू का?

सोल्डरगन :
नको, त्याचं मूळ वेगळं आहे. स्विच बंद-चालू होताना डायोडची कपॅसिटी आणि ट्रॅकचं इंडक्टन्स मिळून कित्येक मेगाहर्ट्झवर रिंगिंग (व्होल्टेजची झुलती थरथर) होतं. डायोडच्या दोन टोकांवर ३३० पिकोफॅरड आणि २२ ओहम सिरीजमध्ये, पाय अगदी आखूड कापून लावा. १२ व्होल्टवर त्यात काही मिलिवॉटच जळतील.

नेमका आकडा हवा असेल तर स्कोपवर (ऑसिलोस्कोप, लहरी दाखवणारं यंत्र) रिंगिंगची वारंवारता बघा आणि ती निम्मी होईपर्यंत नुसता कपॅसिटर वाढवत जा. जो लागला त्याचा तिसरा भाग ही मूळची चोरटी कपॅसिटी. मूळ वारंवारतेला तिचा जेवढा रिअॅक्टन्स (एसीला होणारा रोध) येतो तेवढ्या ओहमचा रेझिस्टर लावा. मोजताना प्रोबची लांब ग्राउंड क्लिप काढून टोकावरची स्प्रिंग वापरा. लांब क्लिप स्वतःच लूप होते आणि नसलेलं रिंगिंगही दाखवते.