विश्रामबाग वाड्याचे चित्रण: पावसाळ्यात कोणते माध्यम वापरावे?

प्रश्न:
पुण्यातील विश्रामबाग वाड्याच्या लाकडी दर्शनी भागाची, विशेषतः त्याच्या सुरूच्या आकाराच्या खांबांची चित्रमालिका मी सध्या जलरंगांत करीत आहे. ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड सुती कागद वापरूनही दमट हवेत थर वाळत नाहीत आणि कडा पसरतात. आपण अशी कामे कशी करता?

उत्तर १:
दमट हवा मला जलरंगांना अनुकूलच वाटते, कारण ओल्या कागदावर रंग मिसळण्यास अधिक अवधी मिळतो. आकाश आणि सज्जाखालच्या सावल्या त्याच अवस्थेत रंगवून घ्याव्यात. कडा मात्र, कागदाची चमक जाऊन तो हाताच्या पाठीला गार लागेनासा झाल्यावरच काढाव्यात.

उत्तर २:
मी नुकतीच महात्मा फुले मंडईची इमारत लिनोकटमध्ये, म्हणजे लिनोलियमवर चित्र कोरून त्याचे ठसे छापण्याच्या पद्धतीत, केली. एकाच ठोकळ्यावर टप्प्याटप्प्याने कोरत गेल्यास आधी फिकट रंग आणि शेवटी गडद रंग छापावा लागतो. शिवाय कोरलेला भाग परत येत नसल्यामुळे प्रत्येक टप्प्याच्या सर्व प्रती पुढच्या कोरणीपूर्वीच छापून ठेवाव्या लागतात. चित्र उलटे उमटते, म्हणून रेखाटन आरशातल्याप्रमाणे उतरवावे. कोरीव लाकडाचा ठामपणा या माध्यमात फार सुंदर उतरतो, तेव्हा आपल्या खांबांसाठी ते अवश्य करून पाहावे.

उत्तर ३:
टॅब्लेटवर काम केल्यास वाळण्याचा प्रश्न उरत नाही. मात्र पडद्यावरचे तेजस्वी हिरवे व नारिंगी रंग चार रंगांच्या छपाईत मंदावतात, त्यामुळे छापण्याचा विचार असल्यास नमुना प्रत आधीच काढावी.