मदत हवी आहे : सोसायटीच्या रस्त्याचं डांबरीकरण, कोटेशनमध्ये काय लिहून घ्यावं?

नमस्कार मंडळी,

आमची सोसायटी चिपळूणजवळ. आतला रस्ता साधारण १०० मीटर लांब, ४ मीटर रुंद. मागच्या वेळचं डांबर दुसऱ्याच पावसाळ्यात पापुद्रे निघावेत तसं सुटलं. तुकडा उचलून पाहिला तर खालची बाजू मातकट, कोरडी. वळणावर पाणी साचतं, तिथे नुसती खडी उरली आहे. शेजारच्या काकूंची स्कूटर तिथेच घसरली. यंदा पावसाआधी काम करायचंच आहे.

एका कोटेशनमध्ये २० मिमी कार्पेट (खडी-डांबराचा पातळ थर) आणि सील कोट (त्यावरचा पोकळ्या बुजवणारा थर), दुसऱ्यात ४० मिमी हॉटमिक्स (प्लँटमध्ये गरम करून मिसळलेली खडी आणि डांबर). दोन्हीकडे ‘चांगल्या प्रतीचं डांबर’ एवढंच लिहिलंय. पैसे सगळ्या सभासदांचे आहेत. काय तपासावं? की पेव्हर ब्लॉक घालावेत?

प्रतिसाद

तुम्ही सांगताय ती खूण टॅक कोट (जुन्या रस्त्याला नवा थर चिकटवणारा डांबराचा पातळ हात) न मारल्याची, किंवा धुळीवर मारल्याची. जुना रस्ता झाडून, कॉम्प्रेसरची हवा मारून घ्या. टॅक कोटचं इमल्शन (पाण्यात मिसळलेलं डांबर) मारलं की तपकिरी दिसतं. काळं पडल्यावरच वर माल टाकू द्या.

डांबराचा ग्रेड (घट्टपणावरून ठरणारी प्रत) व्हीजी-३० लिहून घ्या. माल ताडपत्रीखाली यायला हवा, पसरताना १४० अंशांच्या आसपास असावा, आणि ९० च्या खाली जाण्याआधी रोलिंग संपावं. डंपरमधल्या मालात थर्मामीटर खुपसून बघता येतं.

जाडी वजनकाट्यावर कळते. १०० × ४ × ०.०४ म्हणजे १६ घनमीटर. दाबलेला माल घनमीटरला साधारण २.३ टन, म्हणजे ३७ टनांच्या आसपास. प्रत्येक डंपरची काटा पावती मागा.

२० मिमी कार्पेटमध्ये पोकळ्या जास्त, सगळी भिस्त सील कोटवर. तुमच्याकडच्या पावसाला मी ४० मिमीच घेईन. पण खरी काळजी वळणाची आहे. साचलेलं पाणी खडी आणि डांबराच्या मधे शिरतं आणि खडी सुटते, थर कितीही जाड असो. आधी उतार काढा : ४ मीटर रुंदीत एका बाजूला १० सेंटीमीटर, आणि पाणी गटारापर्यंत जातंय ना ते बादलीभर ओतून बघा.

धागाकर्ता

मनापासून आभार! पाण्याची जुनी लाईन रस्त्याच्या मधोमध जाते, अधूनमधून गळते. त्याने फरक पडेल का?

प्रतिसाद

पडेलच. आधी लाईन बदला किंवा कडेला घ्या. ते यंदा जमणार नसेल तर पेव्हरच बरे, उकरून तेच ब्लॉक परत बसवता येतात.